कॅचरचे कार्ड मी स्वतः दिले

नाव: श्रीमती सत्यभामा प्रकाश तोडणकर. वय: पासपोर्टवर सदुसष्ट. जन्म भातकापणीत झाला एवढे आई सांगत असे, त्याहून जास्त कुणी लिहून ठेवलेले नाही. व्यवसाय: घरकाम, आणि सोमवारपासून खुर्चीत बसून हुकूम सोडणे. शिक्षण: नाही. राहणार: मुलगा सिद्धांत याचे घरी, चौथा मजला, देरा, दुबई. मूळ गाव गुहागर तालुक्यात, जिल्हा रत्नागिरी.

दिनांक २२ नोव्हेंबर २०२५, शनिवार, दुपारी चार वाजता देरा भागातील पोलीस ठाण्यात मी स्वतःहून, चाकाच्या खुर्चीतून, हजर झाले आहे. मला कुणी बोलावलेले नाही. इथल्या ऑफिसर साहेबांना हिंदी माझ्यापेक्षा चांगली येते. तरी माझे म्हणणे माझ्या भाषेत कागदावर यावे आणि मला वाचून दाखवता यावे, असा मी हट्ट धरला. म्हणून इथल्याच ऊद मेथा भागात मुलांचे मराठीचे वर्ग घेणाऱ्या अपर्णाबाई हे लिहीत आहेत. याची अरबी नंतर होईल. मी बोलेन तसेच लिहा, सुधारू नका, असे मी त्यांना बजावले आहे. त्या शिक्षिका आहेत, त्यामुळे त्यांना ते जड जाणार.

तर मी समक्ष सांगते की, माझा मुलगा सिद्धांत याने गुरुवारी या ठाण्यात अशी तक्रार दिली की आमच्या घरातून त्याच्या वडिलांचे एक जुने कार्ड चोरीस गेले असून ते हमदुल्ला नावाच्या इसमाने नेले. हमदुल्ला याचे मूळ गाव पाकिस्तानात स्वातकडे. वय माझ्याच आसपास. शारजाला गाड्यांच्या सीटा शिवायचे त्याचे दुकान तीस वर्षे होते, ते त्याने या महिन्यात बंद केले. तो कायमचा घरी चालला आहे. उद्या रविवारी संध्याकाळचे त्याचे विमान आहे आणि पुढच्या शुक्रवारी त्याच्या नातीचे, लायबाचे, लग्न आहे. तक्रारीमुळे त्याचा पासपोर्ट कालपासून या ठाण्यात आहे. तो परत मिळावा, म्हणून मी आले आहे. कार्ड चोरीस गेलेले नाही. ते मी दिले.

आता कार्ड म्हणजे काय ते सांगते, कारण ऑफिसर साहेबांनी आधी बँकेचे कार्ड समजून दोन प्रश्न विचारले.

माझे यजमान प्रकाश १९८४ पासून इथल्या एका जहाजदुरुस्तीच्या कंपनीत स्टोअरकीपर होते. तिथे वॉल्टर नावाचे अमेरिकन इंजिनियर होते. त्यांना बेसबॉलचे वेड. त्यांनी कामगारांची टीम उभी केली, नाव ठेवले जेटी जायंट्स. दर शुक्रवारी यार्डामागच्या वाळूत खेळ चाले. बेस म्हणून ट्रकचे जुने टायर अर्धे पुरलेले असत. एका वर्षी वॉल्टर साहेबांनी नऊही खेळाडूंचे फोटो काढून त्यांची कार्डे छापून घेतली. पुढे फोटो, त्याखाली नाव, मागे जागा, म्हणजे कोण मैदानात कुठे उभा राहतो ते. प्रत्येकाला नऊ कार्डांचा एक संच मिळाला. अमेरिकेत मुले अशी कार्डे जमवतात म्हणे. आमच्याकडे काड्यापेटीचे छाप जमवायचे, तसेच.

मला वाचता येत नाही, पण ती नऊ कार्डे मी जमिनीवर मैदानासारखी मांडू शकते. मध्ये उंचवट्यावरून चेंडू टाकणारा पिचर, तो हमदुल्ला, तेव्हा तोही यार्डातच कामाला होता. पहिल्या टायरवर क्रेन चालवणारा गोवेकर, त्याला वाकता येत नसे म्हणून तिथे. दुसऱ्यावर मल्याळी वेल्डर. त्या दोघांचे कामावर कधी पटले नाही, पण चेंडू मात्र एकमेकांकडे बरोबर जाई. लांब कडेला तिघे, ज्यांना कुठेच ठेवता येत नव्हते ते. आणि फळीवाल्याच्या पाठीमागे, तोंडावर जाळीचा मुखवटा आणि छातीवर गादी बांधून उकिडवा बसणारा कॅचर. तो माझा नवरा. आमच्या गावी गप्पा मारायलासुद्धा उकिडवेच बसतात, त्यामुळे त्यांना सवय होती. वॉल्टर साहेबांना वाटले ही देवाची देणगी आहे.

तक्रारीतले कार्ड ते हेच, कॅचरचे. खाली नाव प्रकाश तोडणकर. यजमान १६ वर्षांपूर्वी हार्ट अटॅकने गेले, तेव्हा सिद्धांतने त्या कार्डावरून मोठा फोटो करून घेतला. मुखवट्यामुळे चेहरा दिसत नाही, पण सून मृणालिनी म्हणाली, यातच बाबांचा खरा स्वभाव आहे. तोच फोटो हॉलमध्ये लावला आहे. दर वर्षी ९ नोव्हेंबरला सिद्धांत त्याला हार घालतो. मी हार घालू दिला. गंध मात्र कधी लावू दिले नाही. का, ते कुणी विचारले नाही.

ऑफिसर साहेबांनी आता विचारले, म्हणून सांगते. त्या मुखवट्याच्या आत माझा नवरा नाही. तो हमदुल्ला आहे.

या ठिकाणी माझा मुलगा खुर्चीतून उठला व "आई, ऑपरेशनच्या गोळ्यांनी तुला काहीतरी झालंय," असे म्हणाला. मी त्याला बस म्हणाले. तो बसला. नात मिहिका, वय ११, माझी खुर्ची ढकलायला आली आहे. ती म्हणाली, "आज्जी, यू न्यू? ऑल धिस टाइम?" मी तिला हो म्हणाले. हे सर्व लिहा, असे मी अपर्णाबाईंना सांगितले.

फोटो काढले तो १९८६ च्या नोव्हेंबरातला शुक्रवार. त्याच दिवशी मी पहिल्यांदा दुबईला आले. मुंबईहून विमान दुपारी दोनला यायचे ते पाचला आले. यजमान सकाळीच वॉल्टर साहेबांना सांगून दुपारी विमानतळावर गेले होते, तिनापर्यंत परत येतो म्हणून. तिकडे मैदानावर फोटोग्राफर घड्याळ बघू लागला. वॉल्टर साहेब म्हणाले, जो हजर नाही त्याचे कार्ड नाही. हमदुल्लाचा स्वतःचा फोटो झाला होता. त्याने मुखवटा चढवला, गादी बांधली आणि उकिडवा बसून म्हणाला, हाच प्रकाश. फोटोग्राफरला काय, त्याने फोटो काढला. वॉल्टर साहेबांनी दुसरीकडे बघितले. हे मला हमदुल्लाने आणि यजमानांनी, दोघांनीही, त्याच आठवड्यात जेवताना सांगितले. सांगताना यजमानांना इतके हसू आले की वरण नाकात गेले.

मग हे सिद्धांतला का सांगितले नाही, असा प्रश्न आला. सिद्धांत पहिलीत असताना त्याला कार्डे सापडली. त्याने विचारले, बाबा, हे तुम्ही? यजमानांनी मस्करीत हो म्हटले. दुसऱ्या दिवशी तो कार्ड घेऊन शाळेत गेला आणि संध्याकाळी परत आला तो छाती काढून. यजमान मला म्हणाले, "आता राहू दे. मोठा झाला की सांगू." मोठा झाला तेव्हा ते नव्हते. आणि मी सांगायचे म्हणजे भिंतीवरचे बाबा उतरवायचे. मला ते झाले नाही. शिवाय जिवंत माणूस मेल्याची बोलवा उठली की त्याचे आयुष्य वाढते, असे आमच्याकडे मानतात. हमदुल्लाचे काही बिघडत नव्हते.

गेल्या रविवारी, १६ तारखेला, दुपारी बाराच्या सुमारास हमदुल्ला निरोप घ्यायला आमच्या घरी आला. मुलगा, सून ऑफिसच्या कुणाकडे जेवायला गेले होते, मिहिका पोहायला. या घरात आम्ही दोन वर्षांपूर्वी आलो, तो पहिल्यांदाच येत होता. एरवी ईद-दिवाळीला फोन होई, नाहीतर मी शारजाला त्याच्या दुकानी जाई. हॉलमध्ये आल्या आल्या त्याला फोटो दिसला. आठवड्याचा सुकलेला हार अजून होता. तो बराच वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, "भाभी, मेरा इंतकाल कब हुआ?"

मी सांगितले, सोळा वर्षे झाली. तेराव्याला तू स्वतः जेवायला होतास, दोनदा श्रीखंड घेतलेस.

तो सोफ्यावर बसून हसू लागला. थोड्या वेळाने हसणे थांबले, डोळे पुसणे थांबले नाही. मी चहा केला.

चहा पिताना त्याने सांगितले की लायबा फोनवर विचारत असते, दादाजी, तुम्ही तिकडे चाळीस वर्षे फक्त सीटाच शिवल्या का? बेसबॉलचे सांगितले तर तिला खोटे वाटते. त्याचा कार्डांचा संच गेल्या वर्षी एप्रिलच्या पावसात दुकानात पाणी शिरले त्यात लगदा झाला. मी आतून आमचा संच आणला आणि त्याचे पिचरचे कार्ड त्याच्यापुढे ठेवले. त्यात चेहरा आहे, नाव आहे, दंड वर केलेला आहे. नातीला दाखवायला आणखी काय पाहिजे. त्याने ते बघितले आणि परत ठेवले. कॅचरचे उचलले.

तो म्हणाला, "उसमें तो मैं अकेला हूँ. इसमें हम दोनों हैं. बदन मेरा, नाम उसका."

मी म्हणाले, घेऊन जा. आमच्याकडे भिंतीवर मोठा आहेच. फक्त सिद्धांतला कळू देऊ नकोस आत कोण आहे ते. त्याने छातीवर हात ठेवून शब्द दिला. या व्यवहाराला तिसरा साक्षीदार नाही. लिफ्टमधल्या कॅमेऱ्यात तो कार्ड डोळ्यांना लावून खिशात ठेवताना दिसतो म्हणतात. चोर चोरलेली वस्तू डोळ्यांना लावतो का, हे मी ऑफिसर साहेबांना विचारले. ते म्हणाले, प्रश्न मी विचारायचे. बरे.

सोमवारी सकाळी माझे गुडघ्याचे ऑपरेशन झाले. बुधवारी सिद्धांतने कार्डांचा संच काढला, कारण एका मॉलमध्ये इथल्या जुन्या खेळांचे प्रदर्शन भरणार आहे आणि त्यात जेटी जायंट्सची नऊ कार्डे मैदानासारखी मांडायची आहेत. त्याने यादी करून ठेवली होती, नाव आणि जागा. आठ भरली. एक नव्हते, आणि तेच. वॉचमनकडून कॅमेरा बघितला. फोन केल्यावर हमदुल्लाने सांगितले की कार्ड माझ्याकडे आहे, मी देणार नाही, का ते भाभी घरी आल्यावर तिला विचार. सिद्धांतला वाटले, आजारी बाईचे नाव पुढे करतोय. डॉक्टरांनी माझे बीपी वाढेल असे काही बोलू नका म्हणून सांगितलेले, त्यामुळे मला कुणी विचारले नाही. काल ठाण्यात बोलावल्यावर हमदुल्लाने कार्ड टेबलावर काढून ठेवले, पासपोर्ट दिला, आणि पुन्हा तेवढेच बोलला. त्याने एका शब्दात सुटका करून घेतली असती. तो शब्द त्याने मला दिलेला होता.

मी काल दुपारी हॉस्पिटलातून घरी आले. बोलता बोलता तक्रारीचे मिहिकाच्या तोंडून निघून गेले. आज मी आले. यात चूक कुणाची, तर माझी. देताना एक चिठ्ठी लिहून ठेवली असती तर हे झाले नसते, असे सून म्हणाली. मी तिच्याकडे नुसते बघितले. मग तिच्या लक्षात आले.

ऑफिसर साहेबांनी विचारले की आपल्या म्हणण्यास पुरावा काय. मी म्हणाले, कार्ड बघा. ते टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत होते. कॅचरचा मोठा हातमोजा कुठल्या हातात आहे? उजव्या. म्हणजे हा माणूस डाव्या हाताने चेंडू फेकणारा. हमदुल्ला डावखुरा. माझा नवरा उजवा. मी त्यांना सत्तावीस वर्षे वाढले आहे, मला माहीत.

सिद्धांत म्हणाला की ते त्याला ठाऊक आहे, छापताना फोटो उलटा झाला आहे, तसे त्याने प्रदर्शनवाल्यांनाही लेखी कळवले आहे. मी अपर्णाबाईंना सांगितले, कॅचरच्या मागे कंपनीची पाटी आहे, ती वाचता येते का बघा. त्यांनी चष्मा वर करून कार्ड जवळ धरले आणि पाटी वाचली. अक्षरे सरळ आहेत. फोटो उलटा असता तर अक्षरेही उलटी झाली असती, एवढे मलाही कळते. मुलगा इंजिनियर आहे. ३३ वर्षे ते कार्ड बघतो आहे. पाटी वाचावीशी त्याला वाटली नाही, कारण त्याला बाबाच बघायचे होते. हे मी त्याला टोचून बोलले नाही. फक्त लिहा.

हमदुल्ला बाहेर बाकावर बसला होता. त्याला आत बोलावले. माझ्या पिशवीत फिजिओथेरपीवाल्या मुलीने दिलेला रबराचा चेंडू आहे, गुडघ्यांमध्ये दाबायचा. मी तो काही न सांगता हमदुल्लाकडे फेकला. त्याने उजव्या हाताने पकडला, आणि विचार करायच्या आत डाव्या हाताने सरळ ऑफिसर साहेबांकडे टाकला. साहेबांनी दोन्ही हातांनी, क्रिकेटमध्ये झेलतात तसा, झेलला. मी म्हणाले, पकड चांगली आहे, पण तुम्हाला कडेलाच उभे करावे लागेल. साहेब म्हणाले, "खलास, आंटी, समझ गया." चेंडू मात्र त्यांनी लगेच परत दिला नाही, थोडा वेळ हातात खेळवला.

सिद्धांतने कार्ड पुन्हा जवळ घेऊन बघितले. मग त्याने विचारले, "म्हणजे बाबांचं कार्डच नाही?"

मी नाही म्हणाले.

"त्या नऊ जणांत सगळ्यांचं आहे, आणि बाबांचंच नाही?"

मी म्हणाले, अरे, फोटो काढला तेव्हा ते कुठे होते विचार ना.

 मग मीच सांगितले. विमानतळावर तीन तास उभे होते. आम्ही बाहेर आलो तेव्हा माझ्याकडे बघायच्या आधी त्यांनी कपडा बाजूला करून तुला बघितले. तू तीन महिन्यांचा होतास, त्यांनी तुला पहिल्यांदा बघितले ते तिथे. तू त्यांच्या शर्टवर ओकलास. तोच टीमचा शर्ट होता, फोटोसाठी इस्त्री केलेला. मी म्हटले, तुमचा फोटो राहिला. ते म्हणाले, "राहू दे. कॅचर कॅचच करायला आलाय."

सिद्धांत उठला आणि हमदुल्लासमोर जाऊन उभा राहिला. लहानपणी तो याला चाचा म्हणे आणि याच्या दुकानात सीटच्या फोमवर झोपे. गुरुवारच्या तक्रारीत त्याने सदर इसम असे लिहिले आहे.  हमदुल्लाच म्हणाला, "यल्ला, बेटा, बैठ. सोलह साल तूने मुझे हार पहनाया, एक दिन थाने में बिठाया. हिसाब मेरी तरफ निकलता है." सिद्धांतने त्याचे दोन्ही हात धरले. 

तक्रार मागे घेण्याचा फॉर्म आला. त्यात कारण लिहायची एक ओळ असते. सिद्धांतने पेन घेऊन बराच वेळ लावला, ती ओळ संपून समासातही लिहिले. मी अपर्णाबाईंना विचारले, काय लिहिलेय. त्यांनी हळू आवाजात मला मराठीत सांगितले. ते असे: वस्तू ज्याची होती त्याच्याकडेच आहे. त्या फोटोत माझे वडील नाहीत. ते त्या वेळी मला घ्यायला गेले होते.

ऑफिसर साहेबांनी ते दोनदा वाचले. एवढे कारण पुरेसे नाही, असे काही ते म्हणाले नाहीत. शिक्का मारला. पासपोर्ट आणि प्लास्टिकची पिशवी हमदुल्लाच्या हातात दिली. उद्या विमानतळावर त्याला सोडायला सिद्धांत गाडी घेऊन जाणार आहे.

मी सांगत गेले तसे अपर्णाबाईंनी लिहिले, आणि शेवटी सगळे मोठ्याने वाचून दाखवले. दोन ठिकाणी त्यांनी माझी भाषा सुधारली होती, ती मी पुन्हा बिघडवून घेतली. बाकी मजकूर माझाच आहे, खरा आहे, आणि कुणाच्या सांगण्यावरून दिलेला नाही. सही येत नाही म्हणून डाव्या हाताचा अंगठा.

(अंगठ्याची निशाणी)
सत्यभामा प्रकाश तोडणकर

समक्ष: अपर्णा, लिहून घेणार